गरम पाणी

मुलीचं पोट दुखत होतं ते पाळीमुळे. आईच्या पोटात दुखत होतं ते मुलीमुळे. एकाच घरात, एकाच संध्याकाळी दोघी दुखणं घेऊन उभ्या होत्या, आणि गॅसवर पाणी तापत होतं ते फक्त एकीसाठी.

पाणी तापवत होता बाप. शाळेच्या बसवर ड्रायव्हर. अंगात नुसतं बनियन, कारण शर्ट लेकीच्या कमरेला बांधलेला होता. शेकायच्या रबरी पिशवीचं बूच दातात धरून तो पातेल्यात बोट बुडवून बघायचा, चटका बसला की हात झटकायचा, आणि ओट्याला टेकलेली लेक खिदळायची.

"आई, तू असायला हवी होतीस आज," लेक म्हणाली. घरात तिला पैलवान म्हणत. ज्युदो खेळायची. "त्या उंच पोरीला पाठीवर आपटली, उठले, तर सगळे माझ्या मागेच बघतायत. सर म्हणाले, पैलवान, लागलं का कुठे? मी म्हटलं, लागलं नाही सर, पाळी आलीये. सरांचा चेहरा असा झाला, जसं काही त्यांनाच आली!"

"आणि हे?" आईने शर्टाकडे बघून विचारलं.

"बाबा दारातच उभा होता. आला, शर्ट काढला, बांधला. सगळ्यांसमोर! त्याची ढेरी बघून पोरी अशा हसल्या की डाग कुणाच्या लक्षातच राहिला नाही."

"म्हणजे माझ्या ढेरीने तुझी अब्रू वाचवली म्हण," बाप बूच काढून म्हणाला.

"माझ्या अब्रूला काय झालं होतं? तुझीच गेली. भर रस्त्याने बनियनवर बस चालवलीस."

दोघं हसले. आई ताट पुसत होती. ते ताट कधीच कोरडं झालं होतं, तरी ती पुसत राहिली.

आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, मंगल कार्यालयांचे टेबलक्लॉथ असा सगळा ढीग तिथे यायचा आणि त्यातलं जे मशीनला जमत नाही ते तिच्या मोरीवर यायचं. शाई, ग्रीस, तेल, लिपस्टिक, रक्त. इस्त्रीवर उभा असणारा एक टवाळ गडी तिला 'डागमास्तरीण' म्हणायचा, आणि मग सगळेच म्हणायला लागले. नव्याने आलेल्या पोरींना ती पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोकून घ्यायला लावायची. रक्त असेल तर गार पाणी. गरम पाणी लागलं की डाग शिजतो, आणि शिजलेला डाग मेल्याशिवाय जात नाही. कापड मेल्याशिवाय.

दुसऱ्यांच्या रक्ताचे डाग ती उजेडात, चारचौघांत, गाणं गुणगुणत काढायची. स्वतःचं पॅड मात्र साबणाच्या रिकाम्या खोक्यात लपवून न्यायची. पॅड आणायला घराजवळचं दुकान सोडून दोन गल्ल्या पलीकडे जायची, कारण तिथे गल्ल्यावर बाई बसायची. आणि त्या बाईचा नवरा गल्ल्यावर असला तर एक काड्यापेटी घेऊन परत यायची. घरात काड्यापेट्यांचा ढीग झाला होता. एवढ्या काड्या या बाईला कशाला लागतात, असं घरात कुणी कधी विचारलं नाही.

आणि ती बसायची नाही. घराबाहेर कुठेही, कधीही. बारशाला गेली तरी भिंतीला टेकून उभी, दवाखान्यात नंबर येईपर्यंत उभी. "तुझ्या आईला बसायचं बटणच दिलेलं नाही," असं बाप लेकीला सांगायचा आणि दोघं हसायचे. आई पण हसायची. काय करणार?

बटण नव्हतं असं नाही. ते काढून टाकलं होतं, आणि काढणारा हा बनियनवाला होता.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवऱ्याच्या साहेबांच्या घरी कसलासा समारंभ होता. दुधाच्या सायीच्या रंगाची कव्हरं घातलेल्या खुर्च्या होत्या. ती उठली आणि मागे डाग राहिला. साहेबांची बायको तोंडाने म्हणाली, "राहू दे हं," आणि नाकाने म्हणाली ते सगळ्यांना ऐकू आलं. नवरा तिथून जो निघाला तो घरापर्यंत पुढे पुढे. ती मागून, पर्स पाठीशी धरून. एकदाही त्याने वळून बघितलं नाही. घरी आल्यावर एकच वाक्य बोलला, "कळत नाही का गं तुला?" आणि पुढचे कितीतरी दिवस तेही नाही. खुर्चीचं कव्हर तिने धुवायला म्हणून मागून घेतलं होतं. घाबरून, चांगलं निघावं म्हणून तिने ते उकळत्या पाण्यात घातलं. डाग शिजला. साहेबांच्या बायकोने ते कव्हर दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकलं, तिच्यासमोर.

तेव्हा कुणी शर्ट काढला नव्हता. तेव्हा ढेरीही नव्हती, लाजायचं काही कारणच नव्हतं!

"आई, हा ड्रेस," लेकीने पांढरी पँट तिच्या हातात दिली. ज्युदोचा जाड, पांढरा ड्रेस. "उद्या स्पर्धा आहे. तू आहेस म्हणून मला काही टेन्शनच नाही."

"जुना घाल की."

"त्याच्या बाह्याही आखूड, पँटही आखूड. पंच मॅटवर येऊच देत नाहीत. हाच लागणार."

आई पँट घेऊन मोरीत गेली. डाग हाताच्या पंजाएवढा. तिच्या दृष्टीने काहीच नाही. गार पाणी, साबण, दोन बोटांनी चोळायचं, चहा उकळायच्या आत काम संपलं. तिने नळ सोडला. हात सवयीने गार नळाकडेच गेला.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. "फार गरम नाही ना गं? टॉवेल गुंडाळून देऊ? पाठीला लावतेस की पोटाला? थांब, उशी देतो."

हा आवाज. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज या घरात होता आणि तो तिला माहीतच नव्हता! या माणसाच्या गळ्यात असला आवाज होता. आणि ती मात्र दर महिन्याला ओठ चावून चपात्या लाटत होती, कंबर मोडलेली असताना लाँड्रीत बादल्या उचलत होती, आणि हा विचारत होता, आज भाजीत मीठ का नाही. तिला वाटलं होतं, पुरुषाला हे जमत नसतं. मुळातच जमत नसतं, जसं त्याला मूल होत नाही. म्हणून तर तिने गप्प बसून निभावलं. आणि आता कळतंय काय, तर याला सगळं जमत होतं. फक्त तिच्यासाठी जमवलं नव्हतं.

स्वतःच्या पोटच्या पोरीचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? ते बसलेले असतात खुर्चीवर.

तिने नळ बंद केला. स्वयंपाकघरात आली. पातेल्यात पाणी उरलं होतं, वाफ निघत होती. लेकीच्या पोटासाठी तापवलेलं पाणी. तिने फडक्याने पातेलं धरलं, मोरीत नेलं, आणि पँटीवर ओतलं.

लाल रंग डोळ्यांदेखत तपकिरी झाला.

एक क्षण छातीत असं गार वाटलं, की काय सांगावं! आणि दुसऱ्या क्षणी ती खाली बसली आणि वेड्यासारखी घासायला लागली. साबण लावला, ब्रश मारला, लाँड्रीतून आणून ठेवलेलं औषध ओतलं. फेस आला, डाग थोडा फिका झाला आणि तिथेच थांबला. वाळक्या पानासारखा, पँटीच्या मागच्या बाजूला, अगदी नको तिथे. हात चुकला असता तर बरं झालं असतं. तिचा हात कधी चुकत नसे.

सकाळी लेकीने दोरीवरून पँट काढली आणि बघतच राहिली.

"आई? हे काय?"

"गरम पाण्यात गेली."

"गरम? तू?" लेकीने एकदा पँटीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "चुकून?"

आईच्या आधी बापच बोलला. "चुकूनच गं. दिवसभर तेच करते ती, घरी पण तेच. थकली असेल. जाऊ दे, वरचं जॅकेट खाली ओढून घे."

किती सोपं करून दिलं होतं त्याने. तयार खोटं, इस्त्री करून, घडी घालून. फक्त अंगात घालायचं. लेकीने 'जाऊ दे आई' म्हणून गालाचा मुका घेतला असता आणि आई सगळ्या जन्मासाठी सुटली असती. तिने तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच.

"नाही," ती म्हणाली. "मुद्दाम ओतलं."

रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"का?" लेकीने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळलं नव्हतं.

"तुझ्यासाठी शर्ट काढला म्हणून," आई म्हणाली. म्हणताना ते किती क्षुद्र वाटलं तिला, तरी ती थांबली नाही. आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. "तुझ्यासाठी पाणी तापवलं म्हणून. दुकानात जाऊन मोठ्याने तुझं पॅड मागतो म्हणून. साइजसकट. माझी साइज विचार त्याला. विचार! आणि मला त्या खुर्चीवरच्या डागापायी रस्ताभर मागून चालवलं होतं, ते विचार."

"कुठली खुर्ची?" बाप म्हणाला.

तो नाटक करत नव्हता. ते तिला त्याच्या तोंडावर दिसलं. तो विसरला होता. ज्या खुर्चीपायी ती उभं आयुष्य उभी राहिली, ती खुर्ची या माणसाला आठवत नव्हती.

"साहेबांच्या घरची," ती म्हणाली.

त्याला वेळ लागला. मग त्याची मान खाली गेली. "अगं, तेव्हा मला लाज वाटली होती."

"कशाची?"

"आता कशाची म्हणजे..."

"सांगा ना."

"तुझी," तो म्हणाला.

लेक एकदम म्हणाली, "बाबा!"

"मग खोटं बोलू?" तो चिडला, पण चिडणं फार टिकलं नाही. खुर्ची ओढून बसला. "मला काही कळतच नव्हतं गं. मला कळलं ते बसमध्ये. एक बारकी पोरगी शेवटच्या स्टॉपला उतरेचना. बसमधली मदतनीस बाई रजेवर होती. मी ओरडलो तिच्यावर. तर ती म्हणते, काका, मला रक्त येतंय, मी मरणार का? एवढीशी पोर. सीटवर मुटकुळं करून बसलेली. मीच गेलो मग औषधाच्या दुकानात. त्या दिवशी ठरवलं, आपल्या पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही."

"कधीची गोष्ट?"

"हिची सुरू व्हायच्या जरा आधीची."

"मग त्या दिवशी घरी आलात ना तुम्ही?" आई म्हणाली. "दार मीच उघडलं असेल. मला बघून काही आठवलं नाही?"

बापाने टेबलावरचा चमचा उचलला, परत ठेवला. "तू मोठी होतीस," तो म्हणाला. "तुझं तू बघायचीस."

परक्याच्या पोरीने अर्ध्या तासात त्याला माणूस केलं, आणि ही वर्षानुवर्षं शेजारी झोपत होती. आता हेवा करायला आणखी एक जण झाली, जिचं ना नाव माहीत ना गाव. तिला हसू यायला लागलं आणि ते धड हसू नव्हतं.

लेकीने पँट घडी घालून बॅगेत कोंबली. चेन लावली ती अशी, की तुटली असती.

"तुम्हा दोघांचं काय आहे ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "पण मला मिळालं, त्यात माझी काय चूक होती गं आई? मी काय तुझ्याकडून ओढून घेतलं?" मग तिने नाक पुसलं. "तू पण चल आज. कधी येत नाहीस ना? ये. बघ तुझा डाग मॅटवर कसा दिसतो."

आई गेली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

हॉलमध्ये मॅट अंथरल्या होत्या. सभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आई-बाप, मामा, काका, कुणाकुणाच्या आज्या. नवरा बॅग मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसला. शेजारची खुर्ची त्याने हाताने पुसली, तिच्याकडे बघितलं. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

लेकीचा नंबर पुकारला. पंच एक जाडजूड बाई होत्या, शिट्टी गळ्यात. त्यांनी लेकीच्या बाह्या ओढून मापल्या, पट्टा बघितला, तिला गर्रकन वळवलं. आणि त्यांची नजर तिथे थांबली. भिंतीपाशी आईने श्वास रोखला. आता, आता नाक मुरडेल. आता दोन बोटांत धरेल.

"ताजं आहे का?" पंचबाईंनी विचारलं.

"नाही. जुना डाग आहे," लेक म्हणाली.

"मग उभी काय राहिलीस? चल, नमस्कार कर."

एवढंच झालं. एवढंच! आईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पुढच्या रांगेतला एक काका मान वाकडी करून बघत होता खरा, पण त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं तसा तो सरळ झाला. बस. तिच्या वेळी आख्खी दुनिया त्या डागावर येऊन बसली होती आणि इथे कुणाला वेळ नव्हता. आनंद व्हायला हवा होता. तिला परत तीच हेव्याची जळजळ झाली, या वेळी त्या पंचबाईंच्या शिट्टीसकट सगळ्यांबद्दल. तुम्ही कुठे होतात? तेव्हा कुठे मेला होतात सगळे?

लेकीने पहिली कुस्ती जिंकली. समोरचीला कमरेवरून उचलून अशी आपटली की हॉल दणाणला. नवरा उठून नाचला. दुसऱ्या कुस्तीला अजून वेळ होता, आणि नेमकं तेव्हाच आईला ते जाणवलं. पोटात खालून ओढ, आणि ऊब.

तिच्या वयात पाळीचा भरवसा उरला नव्हता. महिनोन् महिने पत्ता नसायचा, आणि आली की नळ फुटल्यासारखी. साबणाचं खोकं घरी राहिलं होतं. तिला काय करायचं ते पाठ होतं. पर्स पाठीशी धरायची, भिंत धरून दारापर्यंत जायचं, मग घर. कुणाला काही सांगायचं नाही.

दारापर्यंत ती गेलीही. तिथून मागे वळून बघितलं तर नवऱ्याच्या मांडीवर लेकीची बॅग. बॅगेच्या बाहेरच्या खिशात पॅड, कारण लेक म्हणायची, आत ठेवलं की शोधावं लागतं.

लेकीला मिळतं. मग मला का नाही? कालपासून हाच प्रश्न तिला आतून कुरतडत होता, आणि तो तिने कुणाला विचारला होता? पँटीला. गरम पाण्याला.

"अहो," तिने हाक मारली.

त्याला ऐकू गेलं नाही. हॉलमध्ये गलका होता.

"अहो! पॅड द्या!"

आता ऐकू गेलं. त्याला, पुढच्या रांगेला, मागच्या रांगेला, वाकड्या मानेच्या काकाला. नवऱ्याने आधी बॅगेकडे बघितलं, मग आजूबाजूला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. काल बनियनवर बस चालवणारा हाच माणूस. त्याने खिशातून पॅड काढलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचा पेपर उचलून त्यात गुंडाळायला लागला.

"पेपर ठेवा खाली," ती तिथूनच म्हणाली. "तिला देता तसं द्या."

तो थांबला. पेपर हातात तसाच. तिला वाटलं, आता हा उठेल आणि पुढे पुढे चालायला लागेल. चाल, तिने मनात म्हटलं. चालून दाखव आज.

तो उठला. पेपर खुर्चीवर टाकला. सगळ्या रांगेचे पाय ओलांडत, "जरा सरका हो, जरा सरका," करत, उघड्या हातात पॅड घेऊन तिच्याकडे आला. जवळ आल्यावर घसा खाकरला. मग आवाज निघाला तो नको इतका मोठा.

"एक पुरेल का?"

"दोन द्या," ती म्हणाली.

तो परत गेला, परत आला. पुन्हा सगळ्यांनी पाय आवरले. एक आजी तिच्या सुनेला म्हणाली, "बघ गं, बघून ठेव." सुनेने फोनमध्ये डोकं घातलं.

बाथरूम मॅटच्या पलीकडे होतं. आई पॅड हातात धरून, पर्स नेहमीसारखी खांद्याला लटकवून, सगळ्या खुर्च्यांसमोरून गेली. कोपऱ्यात लेक पाय ताणत बसली होती. तिने आईच्या हाताकडे बघितलं. हसली नाही. पाय मात्र आखडून घेतले, आईला जायला वाट व्हावी म्हणून.

परत आली तेव्हा नवऱ्याने शेजारच्या खुर्चीवरचा पेपर काढून ठेवला होता. पांढरी खुर्ची. ती तिच्यासमोर उभी राहिली. मग बसली. अगदी कडेला, उठायच्या तयारीत. मग हळूहळू मागे सरकून पाठ टेकली.

"मोठी लागते का तुला?" नवरा हळूच म्हणाला. "साइज."

"मोठी."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, मॅटकडे बघत, "रस्त्यात मी पुढे चालायला नको होतं."

एका 'नको होतं'ने फिटेल असलं ते नव्हतं, आणि ते त्याला कळलेलं बरं.

लेक दुसरी कुस्ती हरली. डागामुळे नाही, समोरची पोरगी चांगली होती. घामाने निथळत आली आणि बापाच्या पलीकडच्या खुर्चीवर धपकन बसली. आईकडे बघितलं नाही. पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, पट्टा सोडला, पोटावर हात दाबला.

"बाबा, घरी गेल्यावर पाणी ठेव. फार दुखतंय."

"ठेवतो."

ती पट्ट्याची घडी घालत बसली. एकदा घातली, मोडली, परत घातली. आई दोघांच्या पलीकडून ते बघत होती.

"आणि मोठं पातेलं घे," लेक मॅटकडे बघत म्हणाली.